तिसरा पत्ता

चौकशीबाई कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी मागायची. तहान लागलेली असो वा नसो. पाणी कोण आणतं, हे तिला बघायचं असायचं. ज्याच्या नावावर कर्ज निघणार तो गडी खुर्चीत पाय पसरून बसलाय आणि आतून त्याची म्हातारी आई भिंतीला धरत धरत ग्लास घेऊन येतेय, असं दिसलं की चौकशीबाईच्या मनात एक फुली पडायची. बायको पाणी घेऊन आली आणि ठेवताना नवऱ्याकडे न बघता सरळ हिच्याकडे बघत राहिली, की ही ओळखायची, या बाईला काहीतरी सांगायचंय. मग "जरा हात धुते हो," म्हणून उठायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उगाच घुटमळायची. तिथे जे कानावर पडायचं ते कुठल्याच कागदात नसायचं.

बँकेत तिला सगळे चौकशीबाईच म्हणत. पगारपत्रकावर दुसरं नाव होतं, पण ते पगारापुरतं.

या नोकरीत ती शिकूनसवरून आली नव्हती. नवरा याच बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहायचा. त्या बंदुकीतून कधी गोळी सुटली नाही, कारण चोर कधी आलाच नाही. कावीळ आली. आठवड्याभरात माणूस गेला. मागे ही आणि शाळेत जाणारी मुलगी. त्या वेळच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं, नवऱ्याच्या जागी कामाला लावलं आणि बँकेच्या वसाहतीतल्या दोन खोल्याही तिच्याकडे राहू दिल्या. सुरुवातीला ती फायलींना दोरे बांधत होती. मग कर्जाच्या चौकशीला बाईमाणूस गेलं तर घरातल्या बायका मोकळेपणी बोलतील, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि तिच्या हातात पत्त्यांची चिठ्ठी पडली. तेव्हापासून तिच्या चपला झिजतच होत्या.

"मी बँकेचं मीठ खाल्लंय," हे ती उठता-बसता म्हणायची.

मुलगी चिडवायची, "मीठच खाल्लंस गं आई. बाकीचं ताट साहेबांनी खाल्लं."

देवावर तिची श्रद्धा होती, पण तिचा गाजावाजा नव्हता. परक्याच्या दारात चपला काढताना ओठातल्या ओठात म्हणायची, "माझ्या हातून कुणाचं वाईट लिहिलं जाऊ नये, देवा." मग आत जाऊन दिसेल ते लिहायची, आणि खरं तेच लिहायची. मात्र एक गोष्ट ती सगळ्यांना एकाच मापाने लावायची, ती म्हणजे घर बदलणं. अगदी सुरुवातीला एका हसऱ्या, गोड बोलणाऱ्या भाडेकरूला तिने चांगला शेरा दिला होता. हा माणूस दर थोड्या दिवसांनी बिऱ्हाड हलवत आलेला. हप्ता भरायची वेळ आली तेव्हा त्याने पुन्हा बिऱ्हाड हलवलं होतं, आणि या वेळी कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "बाई, पाणी मागायला गेलात आणि त्याने तुम्हालाच पाणी पाजलं," म्हणाले. सगळी शाखा हसली. ते हसू तिच्या कानातून कधी गेलंच नाही. तेव्हापासून घर बदलणारा दिसला की ती शेऱ्यात ते लिहायचीच. का बदललं, हे विचारायच्या भानगडीत पडायची नाही. विचारलं की माणूस कारण सांगतो, आणि ऐकून घेतलं की आपण पाघळतो, असं तिचं म्हणणं.

मुलगी मोठी होऊन दात करायला शिकली. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात आणि तो साचा जिथे पाठवतात, तिथे बसून कवळ्या आणि नकली दात घडवणारी माणसं असतात, त्यांतली ती एक. बाजारातल्या एका इमारतीत, जिना चढून गेलं की म्हाताऱ्या मालकाची खोली होती. आत प्लास्टरची पांढरी धूळ, खिडकीपाशी लांब टेबल, टेबलावर ओळीने मांडलेले जबडे, आणि कोपऱ्यात दात भाजायची छोटीशी भट्टी. मुलीचा हात असा, की एका दाताच्या टोकाला ती पिवळा, करडा, निळसर असे रंग एकात एक मिसळून द्यायची.

"माणसाचा दात कधी पांढराशुभ्र नसतो," ती आईला सांगायची. "पांढराशुभ्र दिसला की समजायचं, खोटा आहे."

"मग आमच्या साहेबांची अख्खी बत्तिशी खोटी," चौकशीबाई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

मुलीचं लग्न झालं ते बँकेच्याच कर्जावर. कर्मचारी म्हणून चौकशीबाईला ते एका सहीवर मिळालं, तिच्या घरी कुणी पाणी मागायला आलं नाही. जावई औषधांच्या दुकानात कामाला, नीटनेटका, आवाज मऊ. लग्न ठरवायच्या आधी चौकशीबाईने त्याच्या घरी जाऊनही पाणी मागितलं होतं. त्याने स्वतः उठून आणलं, खाली बशी धरून आणलं. त्या एका ग्लासावर तिने मुलगी दिली.

लग्नाला दीडएक वर्ष झालं असेल. एका संध्याकाळी मुलगी बॅग घेऊन दारात उभी. चेहरा कोरडा. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख काळंनिळं पडलेलं. लोकांच्या घरातल्या कपाचा तुटका कान चौकशीबाईच्या नजरेतून सुटायचा नाही, हे नख कसं सुटेल? तिला ते दिसलं. भट्टीपाशी काहीतरी लागलं असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि पानं घ्यायला उठली. रात्री दोघी जेवल्या, झोपल्या. सकाळी तिनेच मुलीची बॅग उचलली.

"चल, बसपर्यंत सोडते तुला. घरी जा. राग काय, दुधासारखा असतो, आच कमी केली की खाली बसतो."

"आई, मी इथे राहायला आलेय."

"इथे? अगं, ही बँकेची वसाहत. दार उघडलं की ओळखीची तोंडं. मी लोकांच्या घरात जाऊन लोकांचे संसार तपासते. उद्या माझ्याच घरात हे दिसलं तर मला कोण दारात उभं करेल? थोडं सोस, बाळा. देव सगळं नीट करेल."

मुलगी बसमध्ये चढली, खिडकीतून हातसुद्धा हलवला. पण नवऱ्याच्या घरी ती उतरलीच नाही. ती एका मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीच्या घरमालकाने कटकट सुरू केली तेव्हा दातांच्या खोलीवरच्या माळ्यावर झोपू लागली. तिथल्या धुळीने खोकला धरला तेव्हा गावाच्या टोकाला एक खोली भाड्याने घेतली. हे सगळं चौकशीबाईला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. मग ती रविवारी डबा घेऊन जायला लागली. मुलगी डबा ठेवून घ्यायची. रिकामा डबा पुढच्या रविवारी घासून परत द्यायची. त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कुणीच बोलायचं नाही.

त्याच सुमारास बँक सुधारायला लागली.

खोटं कशाला बोला, काही गोष्टी खरंच सुधारल्या. पूर्वी कर्जखात्यातला एक अधिकारी पाकीट मिळाल्याशिवाय अर्ज पुढे सरकवायचा नाही. अर्ज मोबाइलवरून थेट संगणकात जायला लागले आणि त्याचं दुकान बंद झालं. तिजोरीच्या खोलीला बोटाच्या ठशाचं कुलूप आलं. कोणी कोणाच्या खात्यात डोकावलं हे मुख्य कार्यालयात लगेच दिसायला लागलं, तेव्हा शेजाऱ्यांची शिल्लक बघून घरी जाऊन सांगणारे कारकून मुके झाले. चौकशीबाईच्या पिशवीत कागदांऐवजी टॅब आला. घरी जायचं, फोटो काढायचे, पडद्यावर विचारेल त्याला हो किंवा नाही दाबायचं. तिच्या बरोबरीचा दुसरा चौकशीवाला, ज्याला सगळे दाजी म्हणत, त्याने तो टॅब उलटासुलटा करून बघितला. "शेरा कुठे लिहायचा?" त्याने विचारलं. शेऱ्याला जागा नव्हती. दाजीने महिन्याभरात निवृत्ती घेतली.

मग मुख्य कार्यालयातून एक चष्मेवाला आला. वयाने तिच्या मुलीएवढा, वागायला लाघवी. अर्ज आला की माणूस घरी जायच्या आधीच संगणकाने त्याला गुण द्यायचे, चांगले गुण असतील तर तिथल्या तिथे कर्ज, अशी योजना होती. त्यासाठी संगणकाला शिकवायचं होतं. चष्मेवाल्याने जुन्या माणसांना साहेबांच्या केबिनमध्ये बसवलं आणि चौकशीबाईला म्हणाला, "काकू, आम्हाला तुमची नजर पाहिजे."

इतक्या वर्षांत मुख्य कार्यालयाने तिला काही विचारलं, ते हे पहिल्यांदा. चहा कपबशीतून आला होता, बिस्किटं होती, साहेब स्वतः खुर्ची पुढे सरकवत होते. चौकशीबाई खुलली. पाण्याचं सांगितलं. चष्मेवाला मन लावून ऐकत होता, पण टाइप काही करत नव्हता.

"भारी आहे हो काकू. पण हे मोजता येत नाही. मोजता येईल असं काही?"

तिने घटकाभर विचार केला, आणि तो जुना भाडेकरू तिच्या डोळ्यांसमोर येऊन हसला.

"मग हे घ्या," ती म्हणाली. "ज्याचं बिऱ्हाड एका जागी टिकत नाही, त्याचा हप्ता काय टिकणार?"

केबिन हसली. या वेळी तिच्यावर नाही, तिच्या बोलण्यावर. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"किती वेळा बदललं तर धोका धरायचा, काकू?"

"दोनदा झालं तर समजू शकतो, अडचणी सगळ्यांना असतात. पण दोन वर्षांत तीन पत्ते म्हणजे..." तिने हाताचा पंजा हवेत उडवून दाखवला, पाखरू उडाल्यासारखा.

"तीन," असं म्हणत चष्मेवाल्याने टाइप केलं.

पुढे कधीतरी शाखेत एक मोठं चित्र लागलं. टोकन घेऊन लोक ज्या बाकावर बसतात, त्याच्या बरोबर समोर. चौकशीबाईचा हसरा फोटो, आणि खाली तिचं ते बिऱ्हाडाचं वाक्य, जाड अक्षरात. कॅशवर बसणारी बाई म्हणाली, "काय हो, तिजोरीपेक्षा तुमच्यावर उजेड जास्त पडलाय!" चौकशीबाई लाजली. पण जाता-येता त्या चित्रावरची धूळ पदराने टिपायला लागली.

मुलीला तिने या चित्राचं सांगितलं नाही. का नाही, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्या मालकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्याने मुलीला जवळ बसवून सांगितलं, की आता हे आवरायचं. भट्टी, टेबलं, आणि जे डॉक्टर काम पाठवतात त्यांच्या ओळखी, सगळं विकायचंय. "तू घेतलीस तर माझा हात इथेच राहिला असं समजेन. नाहीतर त्या मोठ्या कंपनीचा माणूस फेऱ्या मारतोच आहे. महिनाअखेरपर्यंत थांबतो, त्यापुढे मला मुलगा थांबू देणार नाही."

कंपनीने घेतलं तर काय होणार हे मुलीला पक्कं माहीत होतं. दात तिनेच करायचे, पण नगावर मोजून. भट्टीला हात लावायचा नाही, रंग वरून ठरून येणार. आणि तिने घेतलं तर ती कुणाचीच बांधील नव्हती. नवऱ्याचीही नाही, मालकाचीही नाही, रविवारच्या डब्याचीही नाही. तिने एका दुपारी मोबाइलवरून आईच्याच बँकेत अर्ज केला. मागच्या दोन वर्षांतले, म्हणजे नवऱ्याचं घर सोडल्यापासूनचे पत्ते विचारले होते, ते तिने एकही न लपवता भरले. लपवायची शिकवणच घरात नव्हती. आईला मात्र काही सांगितलं नाही.

उत्तर आलं, की गुण कमी पडतात, पण बँकेचा माणूस प्रत्यक्ष येऊन बघेल आणि मग ठरेल. घराच्या सगळ्यात जवळ जो कर्मचारी असेल त्याला संगणक ते काम देतो. चौकशीबाईचा टॅब वाजला. तिने पडद्यावर मुलीचं नाव वाचलं आणि रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं. तेवढ्यात फोनही वाजला.

"आई, तुझ्याकडेच आलंय ना माझं काम?"

"तुला कसं कळलं?"

"मला मेसेज आला. 'आमच्या प्रतिनिधी आपल्या भेटीस येतील,' आणि खाली तुझं नाव. मला तर हसूच आलं."

"अगं पण आधी बोलली का नाहीस मला?"

"तुझा वशिला नको होता म्हणून. आता मी कुठे बोलावलं तुला? बँकेनेच पाठवलंय. ये. पाणी माग. भट्टी बघ, माझं काम बघ, मालकांना विचार. दिसेल ते दाब. खोटं काहीच नको."

"नात्यातलं असलं की जायचं नसतं, बाळा."

"मग कोण येईल?"

"येईल दुसरं कोणीतरी. पूर्वी माझ्या ओळखीतलं निघालं की दाजी जायचा, त्याच्या ओळखीतलं निघालं की मी जायचे. पद्धतच आहे तशी. उलट परक्याचं मत जास्त वजनदार."

मुलगी म्हणाली, "आई, एवढ्या वेळी तू ये ना. परक्याला नको पाठवू."

"घाबरतेस काय? तुझं काम चांगलं आहे, कोणीही येऊ दे."

फोन ठेवून तिने टॅब मांडीवर घेतला. मोह झाला नाही असं नाही. पायरीवर बसल्या बसल्या तिने डोळे मिटले आणि देवाला म्हणाली, मला खोटं वागायला लावू नकोस. पडद्यावर प्रश्न होता: या ग्राहकाशी आपले नाते आहे काय? तिने 'हो' दाबलं. कोणते? तिने 'मुलगी' दाबलं. हिरवी खूण उमटली. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल बँक आपली आभारी आहे.' तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. उठून साडी झटकली आणि पुढच्या पत्त्यावर गेली.

दुसरं कोणी गेलंच नाही. कुठल्यातरी शाखेत चौकशीवाल्यांनी एकमेकांचे नातेवाईक वाटून घेतले होते, तू माझा पास कर, मी तुझा करतो. ते उघडकीला आल्यापासून सुरक्षेचा नवा नियम झाला होता: कर्मचाऱ्याने नातं सांगितलं, की त्या अर्जाची घरभेटच रद्द. निकाल फक्त संगणकाच्या गुणांवर. ही माहिती देणारी फिल्म सगळ्या कर्मचाऱ्यांना दाखवली होती. चौकशीबाईनेही ती लावली होती, आवाज बंद करून, डबा खाता खाता. संपल्यावर 'समजले' असं बटण आलं, तेही तिने दाबलं होतं.

मुलीला नकार आला. आता काही महिने पुन्हा अर्ज करू नये, असंही त्यात होतं.

चौकशीबाई साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, तिच्याकडे कोणी गेलंच नाही हो. कोणाला तरी पाठवा. मी नको, कोणीही."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. "बाई, पूर्वीचे दिवस असते तर एक सही केली असती. आता मी सही करतो ती हजेरीच्या वेळी. तुम्ही नातं लिहिलंत कशाला?"

"म्हणजे लिहायचं नव्हतं?"

"तसं मी म्हटलेलं नाही," साहेब घाईघाईने म्हणाले आणि दाराकडे बघितलं.

तिने तिथूनच चष्मेवाल्याला फोन लावला. त्याने लगेच ओळखलं. अर्ज उघडून बघितला, आणि त्याचा आवाज मंदावला.

"काकू, बाकी सगळं छान आहे हो. काम, वय, शिल्लक. फक्त पत्ते. दोन वर्षांत तीन पत्ते आहेत, तिथेच सगळे गुण गेलेत."

"पण तिने का बदलले, ते कुणी विचारायला नको?"

"नियमात ते नाहीये, काकू." तो चाचरला. "हा नियम तर तुमचाच ना?"

तिला म्हणायचं होतं, की मी नुसतं तेवढंच सांगितलं नव्हतं, कारण विचारा असंही सांगितलं होतं. तिने आठवून बघितलं. तो कप, ती बशी, साहेबांची टेबलावरची थाप, सगळं आठवलं. तसं काही ती बोललेली आठवेना. कारण ते ती बोललीच नव्हती.

केबिनमधून बाहेर आली तर समोर बाकावर मुलगी. हातात टोकन. नकाराबद्दल विचारायला आली होती. पण ती काउंटरकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"ज्याचं बिऱ्हाड एका जागी टिकत नाही," मुलीने हळू आवाजात वाचलं, शाळेत धडा वाचावा तसं, "त्याचा हप्ता काय टिकणार." मग आईकडे वळली. "फोटो चांगला आलाय."

"बाळा, इथे नको. घरी चल."

"कोणत्या घरी?"

चौकशीबाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मेसेजमध्ये लिहिलंय, पत्त्यांची संख्या जास्त. किती म्हणजे जास्त गं आई?"

"तीन."

"तो आकडा पण तुझाच?"

कॅशवरची बाई नोटा मोजायच्या थांबली होती. चौकशीबाईने मान हलवली.

"त्या दिवशी माझी बॅग तू बसपर्यंत नेलीस," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच जास्त होतं. "ती आत नेली असतीस, तर एकच पत्ता झाला असता. बँकेच्या वसाहतीचा. त्याला तर गुण मिळाले असते ना?"

तिने टोकन दुमडून बाकावर ठेवलं आणि निघून गेली. तिचा नंबर लागला तेव्हा यंत्र तो दोनदा बोललं, मग पुढच्या नंबरावर गेलं.

चौकशीबाईने करायचं ते सगळं केलं. स्वतःच्या नावावर कर्ज मागितलं, तर मुलीच्या लग्नाचं कर्ज अजून पगारातून कापलं जात होतं. आधीचं फिटल्याशिवाय दुसरं नाही. जिना चढून म्हाताऱ्या मालकाकडे गेली, हात जोडले. त्याने खुर्ची दिली, आणि पाणी द्यायला स्वतःच चाचपडत उठला. "मी थांबलो असतो हो," म्हणाला, "पण मुलाने सकाळीच कागद केले." कोपऱ्यातल्या भट्टीवर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली होती.

शाखेत पुढच्याच आठवड्यात छोटा समारंभ झाला. नातं न लपवल्याबद्दल मुख्य कार्यालयाकडून चौकशीबाईला प्रशस्तिपत्र आलं होतं. साहेबांनी चार शब्द सांगितले. टाळ्या पडल्या. कॅशवरच्या बाईने तेवढ्या वाजवल्या नाहीत. चौकशीबाईने ते पत्र पिशवीत तळाला घातलं आणि त्यानंतर भिंतीवरच्या त्या चित्राला कधी पदर लावला नाही.

रविवारी ती डबा घेऊन मुलीच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. खिडकीपाशी टेबल, त्यावर कंपनीने पाठवलेल्या कवळ्या, प्रत्येकीला नंबर. सगळे दात एकाच रंगाचे, पांढरेशुभ्र. मुलगी त्यांच्या कडा घासत बसली होती.

"या मॅडम," ती उठून म्हणाली. "बसा."

आयुष्यात पहिल्यांदा लेकीने तिला अहो-जाहो केलं होतं. चौकशीबाई खुर्चीच्या कडेवर बसली. मुलगी कोपऱ्यातल्या नळाशी गेली, ग्लास विसळला, भरला, खाली बशी धरून आणला आणि समोर ठेवला.

"पाणी मी आणलं. घरात दुसरं कोणी नाही. सासू नाही, नवरा नाही. लिहून घ्या."

"असं नको गं बोलूस."

"मग कसं बोलू? आता तरी भेटीला आलायत, तर बघून घ्या नीट."

मुलगी परत टेबलाशी बसली आणि कानस हातात घेतली. खोलीत नुसता घासण्याचा आवाज. चौकशीबाई ग्लासाकडे बघत राहिली. मग तिची नजर मुलीच्या हाताकडे गेली. तर्जनीचं नख नव्याने आलं होतं, पण सरळ नव्हतं. मधोमध एक उभी घडी पडलेली, जन्मभर राहील अशी. एवढे रविवार येऊन तिने ते बघितलं नव्हतं. किंवा बघितलं होतं.

इतकी वर्षं इतक्या घरांतून जे तिने विचारलं नव्हतं, ते तिच्या तोंडून आता निघालं.

"घर का सोडलंस तू?"

कानस थांबली. मुलीने मान वर केली नाही.

"तो माझं बोट दाराच्या फटीत धरायचा," ती म्हणाली. "आणि दार हळूहळू लावायचा. मऊ आवाजात विचारत, की बोटं गेली तर दात कसे करशील." तिने नखावरची पांढरी धूळ फुंकून टाकली. "त्या रात्री तुझ्यासमोर जेवले मी याच हाताने. तू वाढत होतीस. मला वाटलं, आता विचारशील."

चौकशीबाईच्या ओठांवर देवाचं नाव आलं, पण पुढचं काही येईना.

"आता सांगितलंय खरं," मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच आईकडे बघितलं. "याला आहे का तुझ्या त्या टॅबमध्ये जागा?"

"नाही," चौकशीबाई म्हणाली.

मुलीने पुढची कवळी उचलली, तिचा नंबर बघितला आणि घासायला घेतली.